जुन्या ब्राउझरांवर देवनागरी वेबफॉन्ट

‘फॉन्ट दिसत नाही’ या एका वाक्यातून वाचक निदान चार वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतात. दीर्घ देवनागरी मजकूर असलेल्या एका संकेतस्थळावर जुन्या ब्राउझरांतून येणाऱ्या तक्रारी निस्तरण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा साठलेले निरोप वाचतानाच हे स्पष्ट झाले. कोणाला बटणांच्या जागी रिकामे चौकोन दिसत होते; कोणासमोर पान बराच वेळ कोरेच राहत होते, म्हणजे चित्रे आणि रेषा दिसत, पण अक्षर एकही नाही; कोणाची जोडाक्षरे सुटी होऊन पाय मोडलेली व्यंजने ओळीने उभी राहत होती; आणि काहींना सगळे सुरळीत वाचता येत होते, फक्त अक्षरांचे वळण निवडलेल्या फॉन्टचे नव्हते. या सर्वांना एकच उत्तर लागू पडणार नाही हे उघड होते. म्हणून तपासाचे टप्पे आधी पाडून घेतले: वेबफॉन्टची, म्हणजे पानासोबत जाळ्यावरून मागवल्या जाणाऱ्या फॉन्टची, फाइल ब्राउझरपर्यंत पोहोचते का, पोहोचली तर तो ती स्वीकारतो का, स्वीकारली तर तिच्यातून देवनागरी योग्य रीतीने जुळवली जाते का, आणि यांपैकी काहीही घडेपर्यंत किंवा न घडल्यास वाचकासमोर काय असते. चौथा प्रश्न बहुतेक ठिकाणी शेवटी, तोही वेळ उरला तरच विचारला जातो; माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

तक्रारदाराने सांगितलेल्या ब्राउझरच्या नावावर विसंबून चालत नाही. इंटरनेट एक्स्प्लोरर ११ सुसंगतता-दृश्यात, म्हणजे जुन्या आवृत्तीसारखे वागण्याच्या स्थितीत, उघडलेला असेल तर तो सर्व्हरला स्वतःची ओळख आवृत्ती ७ अशी सांगतो. मात्र त्याच ओळीत पुढे ‘ट्रायडेंट ७.०’ असा त्याच्या आतल्या इंजिनाचा उल्लेख राहतो आणि त्यावरून खरी आवृत्ती ओळखता येते. सर्व्हरच्या नोंदी चाळून खरे चित्र काढले, तेव्हा मुख्यतः चार प्रकारचे वाचक समोर आले: विंडोज एक्सपीवर एक्स्प्लोरर ८ वापरणारे, विंडोज ७ वर एक्स्प्लोरर ९ ते ११ वापरणारे, अँड्रॉइड ४.३ किंवा त्याआधीच्या फोनांत मुळातच असलेला ब्राउझर वापरणारे, आणि आयओएस ९ वर थांबलेल्या जुन्या टॅबलेटांवर सफारी वापरणारे. एक्स्प्लोरर ११ मध्ये जुन्या आवृत्तीचे सोंग घेण्याची सोय आहे; मांडणीतले दोष शोधायला ती उपयोगी पडते, पण फॉन्टच्या कामात तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही, कारण अक्षरे जुळवणारी आणि रंगवणारी यंत्रणा त्या संगणकाचीच राहते आणि एक्सपीवर होणारी मोडतोड विंडोज ७ वर दिसतच नाही. त्यामुळे आभासी संगणकांवर खऱ्या जुन्या प्रणाली बसवून आणि खरे जुने फोन मिळवूनच तपासणी केली.

तपासणीपूर्वी आणखी एक अडथळा दूर करावा लागला. फॉन्टच्या जाहीरनाम्यात, म्हणजे ‘ॲट-फॉन्ट-फेस’ नियमात, पहिला स्रोत ‘लोकल’ असा होता: वाचकाच्या संगणकावर हा फॉन्ट असेल तर तोच वापरा, नसेल तर पुढील फाइल मागवा. ज्या संगणकांवर रचनेचे काम चालत असे त्या सर्वांवर तो फॉन्ट बसवलेला होता, त्यामुळे तिथे जाळ्यावरची फाइल कधी मागवलीच जात नव्हती आणि सर्व काही आलबेल दिसत होते. ‘लोकल’ काढून टाकल्यावर आणि चाचणीपुरते फॉन्टला दुसरेच नाव दिल्यावर खऱ्या परिस्थितीचा अंदाज आला. अँड्रॉइडच्या काही जुन्या आवृत्त्या या ‘लोकल’वर अडखळत असल्याचे आधीपासून माहीत होते, म्हणून तो पुन्हा घातला नाही.

फाइल न पोहोचण्याचे सर्वांत मोठे कारण निघाले ते अगदी साधे. फॉन्ट पुरवणाऱ्या सेवा मागणी करणारा ब्राउझर पाहून त्याला झेपेल तीच सीएसएस, म्हणजे पानाचे रूप ठरवणारी शैली-फाइल, पाठवतात. कोणीतरी ही सीएसएस अद्ययावत ब्राउझरमध्ये उघडून, तिथून उचलून संकेतस्थळाच्या मुख्य फाइलमध्ये डकवली होती, त्यामुळे तिच्यात फक्त वॉफ-२ या, वेबफॉन्टसाठीच्या आकुंचित रूपातील फाइलींचे पत्ते होते. वॉफ-२ एक्स्प्लोररच्या कोणत्याही आवृत्तीला कळत नाही, सफारीला ते दहाव्या आवृत्तीपासून कळू लागले, आणि अँड्रॉइड ४.३ पर्यंतच्या मूळ ब्राउझरला तर पहिले वॉफही कळत नाही. म्हणजे ज्या चार गटांसाठी हा सारा खटाटोप चालला होता, त्यांपैकी एकालाही वाचता येईल अशी फाइल त्या सीएसएसमध्ये नव्हती.

कोणाला कोणते रूप चालते याचा गुंता समजून घ्यायला थोडा इतिहास लागतो. वेबफॉन्टची कल्पना जुनी आहे. इंटरनेट एक्स्प्लोरर ४ मध्ये, १९९७ साली, ईओटी या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या रूपात ती आली, पुढच्या वर्षी सीएसएस-२ मध्ये ‘ॲट-फॉन्ट-फेस’चा समावेश झाला, पण २.१ मध्ये तो वगळला गेला आणि इतर ब्राउझरांनी जवळपास दशकभर तिकडे लक्ष दिले नाही. २००८ मध्ये सफारी ३.१ ने आणि २००९ मध्ये फायरफॉक्स ३.५ ने साधे टीटीएफ, म्हणजे संगणकावर बसवतात तेच फॉन्टचे रूप, स्वीकारायला सुरुवात केली, २०१० मध्ये फायरफॉक्स ३.६ ने वॉफ आणले, २०११ मध्ये एक्स्प्लोरर ९ ने ते मान्य केले आणि २०१२ च्या डिसेंबरात वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने त्याला शिफारशीचा दर्जा दिला. वॉफ-२ ला तो २०१८ मध्ये मिळाला; ते ब्रॉट्ली पद्धतीने आकुंचित होते आणि वॉफपेक्षा सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास लहान भरते. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळे शेकडो आकृत्या असतात, त्यामुळे हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही आणि नव्या ब्राउझरांसाठी वॉफ-२ ठेवणे भागच होते. अखेरीस क्रम ठरला तो असा: आधी वॉफ-२, मग वॉफ, मग टीटीएफ, आणि प्रत्येकासमोर त्याच्या रूपाची सूचना. ही सूचना वगळली तर ब्राउझर न कळणारी फाइलही पूर्ण उतरवून घेतो आणि मग टाकून देतो. मंद जोडणीवर त्याची किंमत वाचक मोजतो.

एक्स्प्लोरर ८ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना मात्र ही यादी वाचताच येत नाही. त्यांना स्वल्पविरामाने जोडलेले अनेक स्रोत कळत नाहीत. पहिल्या उघड्या कंसापासून शेवटच्या बंद कंसापर्यंतचा सारा मजकूर त्या एकाच फाइलचा पत्ता समजतात आणि सर्व्हरकडे अस्तित्वात नसलेली, विचित्र लांब नावाची फाइल मागतात. सर्व्हरच्या नोंदींत अशा ४०४ च्या, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’ या उत्तराच्या, रांगाच होत्या. वेब-विकासक पॉल आयरिश यांनी २००९ मध्ये यावर ‘लोकल’मध्ये हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह घालण्याचा तोडगा सुचवला होता, पुढे २०११ मध्ये फॉन्ट विकणाऱ्या फॉन्टस्प्रिंगने त्याहून सुटसुटीत उपाय दिला. ईओटीच्या पत्त्यापुढे नुसते प्रश्नचिन्ह टाकायचे. त्यानंतरचा सारा मजकूर जुना एक्स्प्लोरर क्वेरी, म्हणजे पत्त्याला जोडलेली जादा माहिती, समजतो, आणि सर्व्हर तो दुर्लक्षून नेमकी ईओटी फाइल देतो. एक्स्प्लोरर ९ सुसंगतता-दृश्यात असताना ही युक्ती पुरत नाही, म्हणून त्याच्यासाठी केवळ ईओटीची स्वतंत्र ओळ आधी लिहावी लागते. दुसऱ्याच्या चुकीचाच उपयोग करून घेणारे असे तोडगे मला फारसे आवडत नाहीत, पण हा इतकी वर्षे टिकला आहे की त्याला वेगळा पर्याय शोधण्याची गरज वाटली नाही.

यादी दुरुस्त झाली तरी काही ठिकाणी फाइल पोहोचत नव्हतीच. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरला फाइलनावाच्या ज्या विस्ताराचा प्रकार माहीत नसतो ती फाइल जागेवर असूनही तो ४०४ देतो. वॉफ आणि वॉफ-२ चे प्रकार नोंदवल्यावर ते थांबले. एका उपविभागात याच्या उलट प्रकार होता: न सापडलेल्या प्रत्येक पत्त्यासाठी तिथला सर्व्हर मुखपृष्ठच पाठवत होता आणि त्यासोबत २०० हा यशाचा आकडा देत होता. क्रोमच्या कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दाखवणाऱ्या खिडकीत, त्यावर ‘अवैध आवृत्ती’ असा संदेश आणि १००८८२१३५९ असा आकडा येत असे. हा आकडा गूढ वाटतो, पण तो फाइलच्या पहिल्या चार बाइट्सचा दशमान अवतार आहे. सोळामानात बदलून अक्षरे वाचली की एचटीएमएल पानाच्या आरंभीचा कोनकंस, उद्गारचिन्ह आणि ‘डॉकटाइप’ची पहिली दोन लहान अक्षरे हाती येतात. फॉन्ट म्हणून पान पाठवले गेले आहे, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणार नाही. तेव्हापासून कोणतीही संशयित फाइल प्रथम सोळामान दर्शकात उघडून तिचे पहिले चार बाइट्स पाहण्याची सवय लावून घेतली आहे. वॉफ आणि वॉफ-२ मध्ये तिथे त्यांची नावेच अक्षरांत असतात आणि टीटीएफमध्ये ००, ०१, ००, ०० असे असते. बांधणीच्या एखाद्या टप्प्यात फॉन्टला मजकुराची फाइल समजून त्यातील बाइट्स बदलले गेले तर हे पहिले चार शाबूत राहूनही फाइल निकामी होते. म्हणून मूळ फाइलचा आणि उतरवलेल्या फाइलचा आकार बाइटपर्यंत जुळतो का, हेही पाहावे लागते.

जुन्या अँड्रॉइड फोनांचे कोडे वेगळे होते, कारण त्यांच्याकडून फॉन्टची मागणी झाल्याची नोंदच सर्व्हरवर नव्हती. फॉन्ट दुसऱ्या डोमेनवरील वितरण-सेवेतून येत होते आणि ती सेवा सुरक्षित जोडणीच्या टीएलएस या पद्धतीची १.२ पेक्षा खालची आवृत्ती स्वीकारत नव्हती. संकेतस्थळाचा स्वतःचा सर्व्हर मात्र जुन्या जोडण्या अजून चालवून घेत होता. अँड्रॉइड ५ पूर्वी टीएलएस १.२ आपोआप सुरू नसे. परिणामी पान उघडत होते, चित्रे येत होती, आणि फॉन्टची जोडणी मात्र मागणीपर्यंत जाण्याआधी हस्तांदोलनातच, म्हणजे जोडणी जुळवण्याच्या पहिल्या टप्प्यातच, तुटत होती. सर्व फॉन्ट संकेतस्थळाच्याच डोमेनवर आणले आणि हा प्रश्न मिटला. वितरण-सेवेमुळे वेग वाढतो हे खरे, पण ज्यांच्यासाठी वेग सर्वाधिक हवा त्यांनाच ती दार बंद करत असेल तर तो फायदा कागदावरच राहतो.

डोमेन बदलताना परवानगीचा मुद्दा मात्र उपस्थित झाला. फायरफॉक्स आणि एक्स्प्लोरर ९ पासून पुढचे ब्राउझर परक्या मूळस्थानावरील फॉन्ट तिथल्या सर्व्हरने हेडरमधून, म्हणजे फाइलसोबत जाणाऱ्या सूचनेतून, स्पष्ट अनुमती दिल्याशिवाय वापरत नाहीत, आणि मूळस्थान म्हणजे प्रोटोकॉल, यजमान आणि पोर्ट हे तिन्ही. त्यामुळे एकच संकेतस्थळ ‘डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू’सह आणि त्याविना उघडले तरी ती दोन मूळस्थाने ठरतात. सीएसएसमध्ये पूर्ण पत्ता लिहिलेला होता. तो सापेक्ष केला. तसेच लॉगिननंतरच्या पानांवर काहीही साठवू नका असा हेडर सरसकट सर्व फाइलींना लावलेला होता. एक्स्प्लोरर असा हेडर असलेला फॉन्ट उतरवतो, पण वापरत नाही. संवेदनशील पानांसाठी तो हेडर योग्यच आहे. फॉन्टच्या फोल्डरला त्यातून वगळले.

आता फाइली पोहोचत होत्या, आणि पुढचा प्रश्न स्वीकाराचा होता. या बाबतीत एक्स्प्लोरर इतरांपेक्षा जास्त बोलका आहे. त्याच्या कन्सोलमध्ये सीएसएस ३११४ हा क्रमांक दिसला तर टीटीएफमधील अंतर्भावाची परवानगी ‘बसवण्यायोग्य’ अशी नोंदलेली नाही असा त्याचा अर्थ होतो. सीएसएस ३११७ म्हणजे परक्या मूळस्थानाची अडचण. आणि सीएसएस ३१११ म्हणजे ‘अज्ञात चूक’, जिचे कारण बहुतेकदा फॉन्टच्या नाव-तक्त्यात सापडते. जुन्या एक्स्प्लोररला ईओटीमधील कुटुंबनाव हे पूर्ण नावाच्या आरंभी जसेच्या तसे असावे लागते. आमच्या फाइलीत पूर्ण नावातले शब्द उलट क्रमाने होते. नाव-तक्ता सुधारून घेतला. परवानगीच्या खुणेला मात्र हात लावला नाही. ती खूण एका बाइटचा फेरबदल करून बदलता येते आणि तसे सल्ले सर्रास दिले जातात, पण ती फॉन्ट बनवणाऱ्याने दिलेल्या परवान्याची नोंद आहे. परवाना तपासून, बनवणाऱ्याकडून वेबसाठीच्या नव्या फाइली मागवून घेणे हाच योग्य मार्ग होता, आणि तसेच केले.

यापुढचे काम सर्वांत वेळखाऊ होते, आणि लॅटिन लिपीसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात त्याचा मागमूसही नसतो. देवनागरीत फाइल उतरली, स्वीकारली गेली, म्हणून अक्षरे बरोबर दिसतीलच असे नाही. मजकुरात साठवलेले असतात ते सुटे वर्ण. त्यांतून रफार वर चढवणे, पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे नेणे, अर्धी रूपे आणि जोडाक्षरे निवडणे हे काम आकारजुळणीची यंत्रणा फॉन्टमधील नियमांच्या आधारे करते. ओपनटाइप या फॉन्टच्या प्रमाणरूपात देवनागरीचे नियम दोन खुणांखाली लिहिता येतात: जुनी ‘देव’ आणि नवी ‘देव-२’. नवी पद्धत विंडोज व्हिस्टाबरोबर आली आणि तिच्यात हलन्त व व्यंजन यांचा क्रम जुन्यापेक्षा वेगळा धरला जातो. आमचा फॉन्ट फक्त नव्या खुणेखालचे नियम घेऊन आलेला होता. एक्सपीवरच्या यंत्रणेला ती खूण माहीतच नाही. त्यामुळे तिथे ‘वाङ्मय’, ‘उद्ध्वस्त’, ‘विठ्ठल’ अशा शब्दांतले हलन्त उघडे पडत होते. दोन्ही खुणांखाली नियम असलेली आवृत्ती मिळाल्यावर एक्सपीवरची जोडाक्षरे सांधली गेली.

तरीही ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘ऱ्हस्व’ हे शब्द काही लेखांत बरोबर आणि काहींत चुकीचे दिसत होते, तेही नव्या ब्राउझरांवर. या आडव्या रफारासारख्या रूपाला युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक वर्णाला क्रमांक देणाऱ्या मानकात, दोन वाटा आहेत. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ, जो यू+०९३१ या स्थानी आहे, आणि त्याला हलन्त. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्यरुंदी जोडक, म्हणजे यू+२००डी. जुने लेख दुसऱ्या वाटेने टंकलेले होते. फाइल लहान करण्यासाठी युनिकोडची मर्यादा यू+०९०० ते यू+०९७एफ एवढीच लिहिलेली होती. देवनागरीचा मुख्य पट्टा तेवढाच असल्याने ती वरवर योग्य वाटते, पण जोडक त्या पट्ट्याबाहेर राहतो. तो वर्ण फॉन्टच्या हद्दीबाहेर गेला की काही ब्राउझर शब्दाचे तिथेच दोन तुकडे करतात, आणि र आपला हलन्त घेऊन एकटा उभा राहतो. मर्यादेत शून्यरुंदी विभाजक यू+२००सी आणि जोडक यू+२००डी, रुपयाचे चिन्ह यू+२०बी९ आणि ठिपक्यांचे वर्तुळ यू+२५सीसी यांची भर घातली. फॉन्टची काटछाट ज्या साधनाने होत होती तेही बदलले, कारण ज्या आकृत्यांना स्वतःचा युनिकोड क्रमांक नाही त्या सर्व ते फालतू समजून काढून टाकत होते, आणि जोडाक्षरांच्या आकृत्या नेमक्या त्यातच मोडतात. फॉन्टटूल्स या संचातील काटछाटीचे साधन नियमांचा माग काढत त्यातून पोहोचता येणाऱ्या सर्व आकृत्या राखते. युनिकोड-मर्यादेबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे: एक्स्प्लोरर तिच्या आधारे फाइल टाळत नाही, सगळे तुकडे उतरवतोच, त्यामुळे एकाच फॉन्टचे खूप तुकडे करणे जुन्या ब्राउझरांवर उलट महागात पडते.

मराठी वळणाचे ल आणि श हाही याच टप्प्यातला विषय. फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळी रूपे दिलेली असली तरी ती मिळण्यासाठी पानाची भाषा ‘एमआर’ अशी जाहीर करावी लागते, आणि आमच्या साच्यात ती इंग्रजी अशी नोंदलेली होती. ती सुधारली. परंतु भाषेची नोंद आकारजुळणीपर्यंत पोहोचवणे हे ब्राउझरवर अवलंबून आहे आणि जुन्यांवर त्याची शाश्वती धरता येत नाही, म्हणून ज्या आवृत्तीत मराठी रूपेच मूळची आहेत ती फाइल वापरली. ठळक अक्षरांसाठी स्वतंत्र फाइल देणेही आवश्यक ठरले; ती नसेल तर ब्राउझर साध्या अक्षरालाच जाड करतो, शिरोरेखा सुजते आणि ‘क्ष’सारख्या अक्षरांतली पोकळी बुजते.

कोऱ्या पानाची तक्रार मुख्यतः आयओएस ९ वाल्यांची होती. फॉन्ट येईपर्यंत काय करायचे याबाबत ब्राउझरांची वागणूक सारखी नव्हती. एक्स्प्लोरर पर्यायी फॉन्टमध्ये मजकूर लगेच दाखवतो. फायरफॉक्स, आणि आवृत्ती ३५ पासून क्रोम, सुमारे ३ सेकंद अक्षरे अदृश्य ठेवून मग पर्यायी फॉन्ट लावतात. सफारी मात्र दहाव्या आवृत्तीपूर्वी फॉन्टची वाट पाहत अनिश्चित काळ थांबत असे. सीएसएसमधील ‘फॉन्ट-डिस्प्ले’ या सूचनेला ‘स्वॅप’ हे मूल्य दिले की आज हा प्रश्न सुटतो, पण ती सोय क्रोममध्ये २०१७ मध्ये, तर फायरफॉक्स आणि सफारीत २०१८ मध्ये आली. जुने ब्राउझर ती ओळ वाचून सोडून देतात. त्यांच्यासाठी उलटी मांडणी केली: पानाच्या मूळ शैलीत वेबफॉन्टचे नावच नाही, फॉन्ट फेस ऑब्झर्व्हर ही छोटी लायब्ररी फॉन्ट उतरल्याची खात्री करते, मग पानाच्या मुळाशी एक क्लास, म्हणजे शैली बदलणारी खूण, जोडला जातो आणि तेव्हाच वेबफॉन्ट लागू होतो. जावास्क्रिप्ट बंद असेल किंवा फॉन्ट आलाच नाही तर पान पर्यायी फॉन्टमध्ये शांतपणे वाचता येते.

इथेही लिपीने आपला हिसका दाखवला. फॉन्ट आला की नाही हे ही लायब्ररी एका छोट्या नमुना-ओळीची रुंदी मोजून ठरवते, आणि तो नमुना मुळात लॅटिन अक्षरांचा असतो. केवळ देवनागरी ठेवून काटछाट केलेल्या फॉन्टमध्ये ती अक्षरे नसल्याने रुंदी बदलतच नाही, आणि फॉन्ट व्यवस्थित उतरूनही लायब्ररी वेळ संपल्याचे सांगून मोकळी होते. नमुना म्हणून देवनागरी शब्द पुरवल्यावर तिचे निदान अचूक येऊ लागले. वेब फॉन्ट लोडर या दुसऱ्या प्रचलित लायब्ररीतही मूळ नमुना लॅटिनच आहे आणि तो बदलण्याची सोयही आहे.

पर्यायी फॉन्टची यादी तोपर्यंत ‘एरियल, सान्स-सेरिफ’ एवढीच होती. एरियलमध्ये देवनागरी नाही, म्हणजे प्रत्यक्षात निवड पूर्णपणे प्रणालीवर सोपवलेली होती. यादी नव्याने लिहिताना प्रत्येक प्रणालीवर खरोखर असलेली नावे घातली: ॲपलच्या उपकरणांसाठी कोहिनूर देवनागरी आणि देवनागरी संगम एमएन, विंडोज ८ पासून निर्मला यूआय, त्याआधी मंगल, अँड्रॉइडसाठी नोटो सान्स देवनागरी, लिनक्ससाठी लोहित देवनागरी. मग वेबफॉन्ट पूर्णपणे बंद ठेवून, केवळ या फॉन्टांवर, साऱ्या पानांची मांडणी पुन्हा पाहिली. मंगलची वरखालची जागा मोठी असल्याने ओळींमधील अंतर आपोआप ठरू दिले तर पाने फुगतात. ओळीची उंची एककाविना आकड्यात दिली आणि मात्रा, उकार एकमेकांत घुसणार नाहीत इतकी सैल ठेवली. अक्षरांचा आकार जुळवण्यासाठी नव्या ब्राउझरांत ‘साइझ-ॲडजस्ट’ हा उपाय आहे, पण तो २०२१ पासूनचा. जुन्यांसाठी मुळाशी जोडलेल्या क्लासच्या आधारेच दोन स्थितींना दोन आकारमाने दिली. फॉन्ट बदलताना ओळी किंचित सरकतात, ते पूर्णतः टाळता आले नाही.

चौकोनांची तक्रार करणारे बहुतेक वाचक कार्यालयीन संगणकांवरचे निघाले. एक्स्प्लोररच्या सुरक्षा-मांडणीत फॉन्ट उतरवणेच बंद करण्याची सोय आहे आणि अनेक कार्यालयांत ती वरून लागू केलेली असते. तिथे फाइल, हेडर, नियम यांतले काहीही सुधारून उपयोग नाही. मजकूर पर्यायी फॉन्टमध्ये निभावून जातो, पण चिन्हांचा फॉन्ट युनिकोडच्या खासगी पट्ट्यातले क्रमांक वापरतो आणि त्यांना पर्याय म्हणून कोणत्याच फॉन्टमध्ये आकृती नसते. चिन्हांसाठी फॉन्ट वापरण्याची पद्धतच इथून पुढे सोडून दिली. बटणांवर शब्द लिहिले आणि जिथे चिन्ह हवेच तिथे एसव्हीजी चित्र ठेवले.

एक्स्प्लोरर ८ ला वेबफॉन्ट द्यावाच का, यावर आमच्यात बराच वाद झाला. तिथे अक्षरे खडबडीत दिसतात आणि वाचक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे ईओटी काढून टाकावे असे सहकाऱ्यांचे म्हणणे होते. परंतु एक्सपीमध्ये जटिल लिप्यांचा आधार प्रादेशिक मांडणीत जाऊन सुरू केलेला नसेल तर मंगल बसवलेलाच नसतो, आणि अशा संगणकावर देवनागरी आकृत्यांचा एकमेव स्रोत हा वेबफॉन्टच ठरतो. म्हणून केवळ साध्या वजनाची एक ईओटी फाइल ठेवली आणि ती एक्स्प्लोरर ९ च्या खालच्या आवृत्त्यांनाच दिसणाऱ्या सशर्त टिप्पणीतून, वेगळ्या सीएसएसद्वारे दिली, म्हणजे मुख्य फाइलीत तिचा भार उरला नाही. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत तर देवनागरीची आकारजुळणीच नव्हती. तिथे कितीही निर्दोष फॉन्ट पाठवला तरी पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडेच राहते. त्या मोजक्या वाचकांसाठी प्रत्येक लेखाच्या माथ्यावर फॉन्ट अंतर्भूत केलेल्या पीडीएफचा दुवा ठेवला आणि फॉन्टच्या पातळीवरचे काम तिथे थांबवले.